वांगणीचे दरोडेखोर

सुट्टीत भाचा ठाण्याला आला की माझी पहिली चक्कर वाचनालयात. यंदा साहेबांची फर्माईश होती, "मावशी, मुक्या सिनेमाच्या काळातली गोष्ट हवी. पण साहसवाली." बालविभागाच्या कपाटापुढे अर्धा तास उकिडवी बसले. हाती लागलं काय, तर दादासाहेब फाळक्यांचं कुमारांसाठी लिहिलेलं चरित्र. चौथ्या पानावर त्याने ते मिटलं. पहिल्या वाक्यात जन्मतारीख, दुसऱ्यात त्र्यंबकेश्वर आणि तिसऱ्यात ते लहानपणापासूनच जिद्दी. मीही मिटलंच असतं.

आपल्याकडे मोठा माणूस मुलांच्या पुस्तकात शिरला की त्याचा पुतळा होतो, ही माझी जुनी तक्रार आहे. पुतळ्याला भूक लागत नाही, तो चुकत नाही, त्याला कुणी पकडूनही नेत नाही. आणि फाळक्यांच्या माणसांना तर पकडून नेलं होतं! तेही आपल्याच ठाणे जिल्ह्यात.

दुसऱ्या दिवशी त्याला कर्जत लोकलमध्ये बसवलं. बदलापूर सुटल्यावर वांगणी आलं, तेव्हा खिडकीतून बोट दाखवून सांगितलं, हे बघ, इथेच. 'राजा हरिश्चंद्र'च्या बाहेरच्या चित्रीकरणासाठी मंडळी इथे आली होती. फाळके मागून यायचे होते. अंगाला सवय व्हावी म्हणून नटांनी पोशाख चढवले आणि ढाली, तलवारी, भाले घेऊन तालीम सुरू केली. गावकऱ्यांना वाटलं, दरोडेखोर आले. बातमी पोलीस पाटलाकडे गेली, पाटलाकडून फौजदाराकडे, आणि अख्खी कंपनी अटकेत. सिनेमा म्हणजे काय हे त्या गावात समजावणार कसं? फाळके आल्यावर त्यांनी कॅमेरा दाखवला, नटांना उभं केलं आणि कॅमेऱ्यात फिल्म न घालताच एक प्रवेश चित्रित करून दाखवला. तेव्हा सुटका झाली.

"फिल्म नव्हतीच?" भाच्याला ही लबाडी फार आवडली. मग शेलूपर्यंत तो हवेत हँडल फिरवत होता. सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात आठ चित्रं, असा हिशोब मीच त्याला दिला होता. शेजारच्या काकूंच्या भाजीच्या पिशवीला दोनदा धक्का लागला. काकू सोशिक होत्या.

आता सांगा, यात साहस कमी आहे? आणि ते सगळं कामात आहे, खजिन्याचा नकाशा लागतच नाही. कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकंसुद्धा घरीच पाडावी लागत, तीही अंधारात, बोटांच्या अंदाजाने. ते काम फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केलं. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभं राहणं, आणि रात्री हे. मला विचाराल तर त्या अंधाऱ्या खोलीवर एक अख्खं प्रकरण हवं. नटांना तर ताकीद होती की कुणी विचारलं तर 'हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहे' म्हणायचं, कारण सिनेमात काम करतो म्हटलं तर लोक नाक मुरडत. तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून ग्रँट रोडच्या खाणावळीतल्या अण्णा साळुंक्यांना पगार वाढवून आणलं. स्त्रीपार्टी पुरुष मिशा काढायला तयार होईनात, मिशी काढायची ती बाप गेल्यावर! आणि 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांची सात वर्षांची मंदाकिनी कृष्ण झाली. बाप्याने राणी व्हायचं आणि मुलीने कृष्ण, यातली गंमत मुलांना समजवावी लागत नाही.

एक प्रसंग मात्र लेखक गाळतील किंवा गुळात घोळवतील अशी मला भीती आहे. रोहिदासाची भूमिका फाळक्यांच्या मुलाची, भालचंद्रची होती. चित्रीकरणाच्या मधल्या सुट्टीत खेळताना तो दगडावर पडला, डोकं फुटलं, शुद्ध हरपली. मुंबईला न्या, असं सोबतच्यांनी सुचवलं. फाळक्यांनी प्रथमोपचार केले, आणि रोहिदास मेल्याचा प्रवेश घ्यायचाच होता, तर तो बेशुद्ध मुलावरच घेतला.

मोठ्यांच्या पुस्तकांत याला निष्ठा म्हणतात. भाचा गप्प झाला. नेरळ आलं तरी गप्प. मग म्हणाला, "आईला कळलं तेव्हा ती काय म्हणाली?"

मला वाटतं, कादंबरी इथून लिहावी. फाळके थोर होते, प्रश्नच नाही. 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो 3,700 फुटांचा चित्रपट लागला, म्हणून आज आपण इथे सिनेमावर भांडतो. पण दहा वर्षांच्या वाचकाला थोरवी नको असते, त्याला त्या मुलाच्या कपाळावरची खोक हवी असते. बाबांचा राग येतो आणि त्यांचा कॅमेराही सोडवत नाही, हे दोन्ही एकाच पोटात मावतं, हे मुलांना आपल्याहून लवकर कळतं. लेखकच घाबरतात. प्रकाशक तर त्याहून. 'संस्कारक्षम' हा शब्द मुखपृष्ठावरून काढला तरी निम्मं काम होईल, असं माझं मत. (शिव्या कमेंटमध्ये द्या, वाचते.)

परत येताना मी म्हटलं, चल, मग तूच लिही. माझी अपेक्षा, नायक भालचंद्र असणार. पण नाही. त्याचा नायक वांगणीचा, गुरं राखणारा पोरगा, ज्याला झुडपाआडून पहिल्यांदा तलवारी दिसतात आणि जो पाटलाच्या वाड्याकडे धूम ठोकतो. दोनशे पानी वहीची अडीच पानं भरली आहेत. पोरगा अजून पळतोच आहे, कारण वाटेत त्याला एक बाई भेटली आहे आणि तिला मिशा आहेत.