चालता संगणक भंगारात घालायची घाई करू नका

विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तेव्हापासून दुकानात गेलं की एकच सल्ला मिळतो: मशीन जुनं झालं, त्यावर अकरा चढणार नाही, नवीन घ्या. माझं स्पष्ट मत आहे की यातली निम्मी मशीन्स अजून चार-पाच वर्षं सहज काम देतील. त्यांना बाद ठरवलंय ते मायक्रोसॉफ्टच्या प्रोसेसरच्या यादीने, आणि ती यादी जशी आखली आहे ती मला पटत नाही.

विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप किंवा सोय) लागतं. त्याशिवाय इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा एएमडी रायझन २००० पासून पुढचा प्रोसेसर लागतो. पिढी ओळखायची कशी? आय५-७२००यू असं लिहिलेलं असेल तर रेघेनंतरचा ७ म्हणजे सातवी पिढी. असे लॅपटॉप २०१८ पर्यंत दुकानात नवेकोरे विकले जात होते. आता गंमत नाही, खरोखर चीड यावी अशी गोष्ट बघा. दोन कोरचा सेलेरॉन एन४००० यादीत आहे. चार कोर आणि आठ थ्रेडचा आय७-७७०० यादीत नाही. दोन्ही मशीन्स शेजारी ठेवून एकेक मोठी एक्सेल फाइल उघडून बघा, मग कुठलं मशीन ‘जुनं’ ते ठरवा.

कंपनीची बाजूही आहे आणि ती पोकळ नाही. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये सांगितलं होतं की निकषांत न बसणाऱ्या मशीन्सवर कर्नलचे, म्हणजे विंडोजच्या गाभ्याचे, क्रॅश ५२ टक्के जास्त दिसले. मेमरीचं संरक्षण करणारी सोय चालू ठेवली की जुने प्रोसेसर मंदावतात, हेही खरं. पण ते काम वेगाने करणारी हार्डवेअरची सोय इंटेलच्या सातव्या पिढीतच आली आहे. मग सातवी पिढी बाहेर का? त्याच पिढीतला आय७-७८२०एचक्यू मात्र ऑगस्ट २०२१ मध्ये यादीत आला, कारण तो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये होता. नव्या पद्धतीचे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) असलेल्या मशीनपुरतीच ही सवलत, असं स्पष्टीकरण दिलं गेलं. म्हणजे ड्रायव्हर नीट असतील तर सातवी पिढी चालते, हे कंपनीनेच मान्य केलं. तीच वाट इतरांना मोकळी करायला हवी होती.

आता तुमच्या मशीनचं बघू. कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून एमएसइन्फो३२ (msinfo32) उघडा. ‘बायोस मोड’समोर लेगसी (मशीन सुरू होण्याची जुनी पद्धत) दिसतं की यूईएफआय (नवी पद्धत, अकराला हीच लागते) ते पाहा. मग तसंच टीपीएम डॉट एमएससी (tpm.msc) उघडून टीपीएमची आवृत्ती बघा. टीपीएम सापडत नाही असा संदेश आला तर लगेच हार मानू नका. बऱ्याच मदरबोर्डवर ते बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद असतं. इंटेलमध्ये त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीमध्ये एफटीपीएम. प्रोसेसर यादीत असेल आणि बायोस मोड यूईएफआय असेल तर बहुधा नुसतं हे चालू केल्यावर मशीन पात्र ठरतं. लेगसी असेल तर ते बदलावं लागतं.

गडबड होते ती इथेच. डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची असताना कोणी बायोसमध्ये लेगसीचं यूईएफआय केलं की विंडोज सुरूच होत नाही, आणि लोकांना वाटतं हार्ड डिस्क गेली. डेटा जागेवरच असतो. सेटिंग परत लेगसी करा, आधी बॅकअप घ्या, विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटी (mbr2gpt) या टूलने डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत बदला आणि मगच यूईएफआयला हात लावा. दुसरी चूक बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची. ते चालू असताना टीपीएमची सेटिंग बदलली तर मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती की कुठे आहे हे माहीत नसेल तर डेटा खरोखरच गेला. म्हणून आधी बिटलॉकर थांबवा, की कागदावर उतरवा, मग पुढे जा.

प्रोसेसरच यादीबाहेर असेल तर घाईने नवं घ्यायच्या आधी थोडी मुदत आहे. घरगुती वापरासाठीचे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. मशीन विंडोज १० च्या २२एच२ आवृत्तीवर हवं. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते. तीन पर्याय आहेत: सेटिंग्ज सिंक करून (म्हणजे त्यांची प्रत मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवून) मोफत, मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट, किंवा ३० डॉलर. पैसे भरले तरी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतंच. एका खात्यावर १० मशीन्स बसतात, त्यामुळे घरातल्या सगळ्यांसाठी एकच खातं पुरतं. मोफत पर्याय घेताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटोंचे फोल्डर बॅकअपमधून बंद ठेवा. नाहीतर वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीची ५ जीबी मोफत जागा लगेच भरते आणि जास्तीची जागा विकत घ्या असे संदेश सुरू होतात. त्यासाठी सेटिंग्जचा सिंक तेवढा पुरेसा आहे.

माझी खरी तक्रार इथे आहे. युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या ग्राहकांना हेच अपडेट सिंकच्या अटीशिवाय मोफत मिळतात, कारण तिथल्या ग्राहक संघटनांनी दबाव आणला. संस्थांसाठी पहिल्या वर्षी एका मशीनला ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. शाळांना पहिल्या वर्षी फक्त १ डॉलर. अपडेट तयार होतच आहेत, तेच आहेत. कोणाला कुठल्या अटीवर द्यायचे हा निव्वळ धोरणाचा प्रश्न आहे.

विंडोजचा इन्स्टॉल पेन ड्राइव्ह बनवणाऱ्या रूफस या टूलने टीपीएमची तपासणी वगळून अकरा चढवता येतं, हे खरं आहे. घरच्या दुसऱ्या मशीनवर करून बघायला हरकत नाही. मासिक अपडेट येत राहतात, पण वार्षिक आवृत्ती आपोआप येत नाही आणि कंपनी कसलीच हमी देत नाही. हिशेबाच्या, जीएसटीच्या मशीनवर हे करू नका.

विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम हा चांगला मार्ग आहे. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, आणि ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून ते काहीही न पुसता चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर तिथेच तपासा. युनिकोड मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डने उत्तम टाइप होतं. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. श्रीलिपी या फाँट सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या जुन्या डीटीपी (छपाईच्या मांडणीच्या) फाइल्स, हिशेबाचं टॅली, डिजिटल सहीचे टोकन, सेवा केंद्रातली बोटांच्या ठशांची यंत्रं, हे सगळं विंडोज धरून बनलेलं आहे. कॅनन एलबीपी २९०० हा गल्लोगल्लीचा प्रिंटर मिंटवर बसवायला अर्धा दिवस जाऊ शकतो. ज्यांचं पोट या गोष्टींवर आहे त्यांना ‘लिनक्स टाका’ एवढं सांगून मोकळं होणं मला बरोबर वाटत नाही. त्यांच्यासाठी आधी वाढीव अपडेटच.

कुठलाही मार्ग घ्या, मशीनमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर २५६ जीबीची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा. लॅपटॉपमध्ये अडीच इंची ड्राइव्ह त्याच जागेत बसते. ‘मशीन स्लो झालं’ या तक्रारीमागे बहुधा ती जुनी डिस्कच असते.

कॅनालिस या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज दिला होता की या बदलामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. आपल्याकडचे ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यात विल्हेवाटीची जबाबदारी उपकरण बनवणाऱ्यावर किंवा आयात करणाऱ्यावर आहे. अपडेट थांबवून चालतं उपकरण बाद करणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीवर ती नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, तेव्हा सुट्या भागांचा आणि माहितीपुस्तिकांचा विचार झाला. सुरक्षा अपडेट हाही संगणकाचा सुटा भागच आहे. युरोपात ज्या अटींवर तो दिला जातो, त्याच अटींवर इथे मिळाला पाहिजे, आणि ही मागणी ग्राहक पंचायतींनी आत्ताच लेखी करायला हवी.