झाकली मूठ पाच वर्षांची

कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा एकदा, दोनदा, तीनदा नाकारला गेलाय आणि आता ब्रॅम्प्टनच्या किंवा मिसिसागाच्या पीआरवाल्या, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी असलेल्या, माणसाशी तुमचं लग्न झालंय? अभिनंदन. जोडीदाराने स्पॉन्सर करायचं, म्हणजे तुम्हाला कायमचं तिकडे नेण्यासाठी अर्ज करायचा, आणि तुम्ही जुने नकार पोटात ठेवायचे, हा तुमच्या संसाराचा पहिला संयुक्त उद्योग. तो यथासांग कसा बिघडवावा, याचं थोडं मार्गदर्शन.

सुरुवात नकाराच्या पत्रापासून. ते वाचू नका, फाडा. वाचलंत तर कळेल की त्यात बहुधा कॅनडाच्या इमिग्रेशन नियमांतल्या १७९(बी)चा हवाला आहे, म्हणजे मुदत संपल्यावर तुम्ही परत जाल याची अधिकाऱ्याला खात्री पटली नाही. खाली कारणं असतात : कॅनडात जवळची नाती आहेत, भेटीचा हेतू पटत नाही, पैसा पुरेसा दिसत नाही. स्पॉन्सरशिपमध्ये मात्र तुम्ही परत जाल का, हे कुणी विचारतच नाही. तुम्ही राहायलाच निघालाय, तेही कायद्याने. ‘कॅनडात जवळचं माणूस आहे’ हे पर्यटक म्हणून तुमचं व्यंग होतं, बायको किंवा नवरा म्हणून तीच तुमची पात्रता. असा साधा नकार तुम्हाला अपात्र ठरवत नाही आणि किती नकार झाले की दार बंद, अशी मर्यादाही कायद्यात नाही. पण हे ध्यानात आलं तर लपवायला काही उरणारच नाही. म्हणून फाडाच.

आता फॉर्म. आयएमएम ५६६९, म्हणजे शेड्यूल ए. त्यात हो-नाहीच्या चौकटींची एक रांग आहे आणि तिथे सरळ विचारलंय : कॅनडाचा किंवा इतर कोणत्याही देशाचा व्हिसा तुम्हाला कधी नाकारला गेलाय का? ‘इतर कोणत्याही’वर बोट ठेवा आणि पुढे सरका. अमेरिकेच्या वकिलातीत खिडकीवर दोन मिनिटांत मिळालेला नकार हा काय नकार? तो तर मुंबईचा उकाडा. ब्रिटनचा स्टुडंट व्हिसा नाकारला होता, पण विचारलंय व्हिसाबद्दल, शिक्षणाबद्दल थोडंच? असा काथ्याकूट करून ‘नाही’वर खूण करा. खालच्या रिकाम्या चौकटीत वर्ष, देश आणि कारण लिहायला जागा आहे. तीन ओळींचं काम. तेवढा वेळ कुणाला असतो?

ओळख पटण्याची काळजी करू नका. लग्नानंतर आपल्याकडे बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, हौशी सासर असेल तर पहिलंही. वडिलांच्या जागी नवरा आला, कुलकर्णींचे देशमुख झाले, नवा पासपोर्ट हातात आला. ‘पूर्वी दुसरं कोणतं नाव वापरलं होतं का?’ या प्रश्नालाही ‘नाही’ लिहा, म्हणजे नकार मिळालेली ती कुलकर्ण्यांची मुलगी निराळी आणि तुम्ही निराळ्या. अडचण एवढीच की भारतातून अर्ज करणाऱ्यांच्या दहाही बोटांचे ठसे कॅनडा ३१ डिसेंबर २०१८पासून घेतं आणि बोटांना सासर नसतं. जुन्या अर्जाची नोंद जीसीएमएस नावाच्या त्यांच्या प्रणालीत तुमच्या यूसीआय या ओळखक्रमांकाखाली पडून आहे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याशी माहितीची देवाणघेवाणही चालते. तेव्हा अमेरिकेचा उकाडा ओटाव्यापर्यंत पोचणारच नाही, असं गृहीत धरून चाला.

आता कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ४०. महत्त्वाची गोष्ट दडवणं किंवा खोटं सांगणं, आणि त्यामुळे अधिकाऱ्याची चूक होणं किंवा ‘होऊ शकणं’. या ‘होऊ शकणं’कडे दुर्लक्ष करा. तुमची लपवाछपवी यशस्वी व्हावी अशी कायद्याची अट नाही, नुसता प्रयत्नही त्याला गोड लागतो. एरवी ज्या नकाराने तुमच्या अर्जाचं फारसं वाकडं झालं नसतं, तोच दडवला की पाच वर्षांची बंदी. या पाच वर्षांत पीआरचा अर्जच करता येत नाही, म्हणजे स्पॉन्सरशिपही खुंटीवर. २०१४च्या नोव्हेंबरपूर्वी ही शिक्षा दोन वर्षांची होती. आता मुलगा बालवाडीतून पहिलीत जाईपर्यंत आरामात पुरते.

नकार लपवून झाला की नोकरीकडे वळा. व्हिजिटर व्हिसाच्या वेळी तुम्ही मामांच्या फर्ममध्ये ‘मार्केटिंग मॅनेजर’ होता, पगार महिना ४५,०००, लेटरहेडवर मामांची सही, वर गोल शिक्का. शेड्यूल ए मागच्या १० वर्षांचा हिशेब मागतो, महिन्यानिशी, मध्ये एकही भोक न ठेवता. आता तुम्ही प्रामाणिक झालात. लिहिलंत की २०१९ ते २०२२ एमपीएससीची तयारी चालू होती, पुण्यातल्या पेठेतली अभ्यासिका, उत्पन्न शून्य. झालं! ज्या वर्षी तुम्ही मार्केटिंग करत होता त्याच वर्षी राज्यघटनाही पाठ करत होता. समोरचा अधिकारी दोन्ही कागद एकाच पडद्यावर शेजारी-शेजारी उघडतो. त्याला मामा माहीत नाहीत, तारखा दिसतात. आणि जुन्या अर्जात खोटं लिहिलं होतं हे आजच्या खऱ्या माहितीवरून कळलं, तरी कलम ४० चालतंच. बँकेचंही तेच. व्हिजिटरच्या वेळी काकांकडून आठ दिवसांसाठी आलेले ६ लाख स्टेटमेंटमध्ये तळ्यातल्या हत्तीसारखे दिसतात. हौस असेल तर स्पॉन्सरशिपलाही हत्ती आणा, जरी क्युबेक प्रांताबाहेर नुसत्या जोडीदाराला स्पॉन्सर करायला किमान उत्पन्नाची अट सहसा लागू नसली तरी.

काही अरसिक माणसं या टप्प्यावर फारच कंटाळवाणं वागतात. जुन्या व्हिजिटर अर्जाची प्रत शोधतात. एजंटाने दिली नसेल तर कॅनडातला जोडीदार त्यांच्या लेखी संमतीने ५ डॉलर भरून जीसीएमएसच्या नोंदी मागवतो. त्यात अधिकाऱ्याने पत्रात न लिहिलेलं खरं कारण बहुतेक वेळा दोन-चार ओळींत सापडतं. मग एका कोऱ्या पानावर प्रत्येक नकार ओळीने : देश, अर्जाचा प्रकार, तारीख, अर्ज क्रमांक, दिलेलं कारण. आधीच्या अर्जात काही चुकीचं गेलं असेल तर कुणी न विचारता तेही : ‘त्या वेळी नोकरी अमुक लिहिली होती, प्रत्यक्षात तमुक होतं, अर्ज एजंटाने भरला, मी न वाचता सही केली.’ सही तुमची असल्यामुळे न वाचण्याची सबब फारशी टिकत नाही, हे माहीत असूनही लिहितात. विचारण्याआधी सांगितलेली चूक आणि पकडलेली चूक यांचं वजन सारखं नसतं, असं या लोकांना वाटतं. असल्या लोकांच्या फायली इतक्या नीरस असतात की अधिकाऱ्याला पत्र पाठवायचं निमित्तही सापडत नाही.

तुम्ही मात्र प्रेमकथेत रंग भरा. २०२२च्या व्हिजिटर अर्जात तुम्ही टोरांटोला ‘कॉलेजच्या मित्राला’ भेटायला निघाला होता. आता आयएमएम ५५३२ या नात्याच्या प्रश्नावलीत ओळख कधी झाली, नातं कधी जुळलं, घरच्यांना कधी कळलं, सगळं सविस्तर विचारलंय. तिथे लिहा, ‘२०२०पासून एकमेकांवर प्रेम, २०२१ला साखरपुडा’. मग २०२२ला भेटायला निघालेला मित्र कोण? वाङ्‌निश्चय झालेल्या नवऱ्याला मित्र म्हणण्याची आपल्याकडची रीत त्या अधिकाऱ्याला ठाऊक नसते. मुलांच्या बाजूनेही एक खास पुणेरी चूक उपलब्ध आहे. आळंदीला गुपचूप लग्न उरकायचं, स्वतःच्या पीआरच्या अर्जात ‘अविवाहित’ लिहून कॅनडात उतरायचं आणि दोन वर्षांनी त्याच मुलीशी वाजतगाजत ‘ठरवून’ लग्न करायचं. यावर नियम ११७(९)(डी) आहे. पीआर घेताना जी बायको दाखवली नाही आणि तपासली गेली नाही, ती पुढे फॅमिली क्लासमध्ये, म्हणजे स्पॉन्सर करता येणाऱ्या कुटुंबीयांत, बसत नाही. तिथे पाच वर्षांचीही मुदत नाही.

जुने नकार खरोखर कुठे बोचतात, तर वेळेत. व्हिजिटर नाकारला, स्टडी परमिट नाकारला, पुन्हा व्हिजिटर नाकारला आणि तिसऱ्या नकारानंतर चार महिन्यांत कॅनडावाल्याशी लग्न. नियम ४ सांगतो की लग्न मुख्यतः इमिग्रेशनसाठी केलेलं असेल किंवा नातं खरं नसेल, तर ते नातं धरायचं नाही. २०१०च्या सप्टेंबरपर्यंत इथे ‘आणि’ होतं, दोन्ही गोष्टी लागायच्या. मग एका ‘किंवा’ने कित्येक संसार अडकले. हेतू बघायचा लग्नाच्या दिवशीचा, नात्याचा खरेपणा बघायचा आजचा. म्हणून संशय बळकट करायचा असेल तर लग्न असं करा : रजिस्टर ऑफिस, दोन साक्षीदार, चार फोटो, चारही फोटोंत तोच शर्ट. केळवण नको, हळद नको, सत्यनारायण नको. आई-वडील गावाला गेलेले बरे. लग्नानंतर सहा दिवसांनी नवरा परत आणि मग वर्षभर ना फेरी, ना तिकीट, ना व्हॉट्सॲपचा एक धड संवाद. नवऱ्याला सुट्टी नव्हती आणि तुम्हाला व्हिसा मिळत नव्हता, तर लग्न व्हिडिओ कॉलवरच लावून टाका. भटजींची हरकत नसली तरी ११ जून २०१५पासून कॅनडाची आहे. लग्नाच्या वेळी दोघंही एका ठिकाणी प्रत्यक्ष हजर नसतील तर ते लग्न त्यांच्या लेखी झालेलंच नाही.

ज्यांना भारतात लग्नच करता येत नाही, त्यांच्यासाठी ही नकारपत्रं उलट कामाची आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ला समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, त्यामुळे ठाण्याच्या आणि टोरांटोच्या दोन मुलांना इथे विवाहनोंदणीचा दाखला मिळत नाही. एकत्र राहायला व्हिसा लागतो आणि व्हिसा तर नाकारलेला. कॅनडाच्या कायद्यात ‘कॉन्जुगल पार्टनर’ नावाचा वर्ग अशाच अडलेल्यांसाठी आहे. नातं किमान वर्षभराचं हवं आणि लग्न किंवा सहवास का जमला नाही याचा पुरावा हवा. व्हिजिटर व्हिसाच्या नकाराचं पत्र हा त्या पुराव्यातला एक कागद. एरवी लग्न करू शकणाऱ्या जोडप्याला मात्र हा वर्ग शॉर्टकट म्हणून मिळत नाही. तर पत्र फाडायला सुरुवातीलाच सांगितलं होतं, आठवतंय ना?

स्पॉन्सरशिप चालू असताना पुन्हा व्हिजिटर व्हिसा मागायचा असेल तर हेतूच्या रकान्यात ‘नायगारा’ लिहा आणि नवऱ्याचा उल्लेख टाळा. त्याच कायद्याचं कलम २२(२) म्हणतं की कायम राहायचा इरादा असला म्हणून तात्पुरतं येण्याला आडकाठी नाही, फक्त मुदतीत परत जाल हे पटवायला हवं. २०२३च्या मे महिन्यात कॅनडाच्या इमिग्रेशन मंत्र्यांनी जोडीदारांचे व्हिजिटर अर्ज लवकर निकाली काढण्याची घोषणाही केली होती. पण चालू अर्जाचा क्रमांक लिहून सरळ ‘नवऱ्याकडे चाललेय’ म्हणण्यात तो धबधब्याचा थरार नाही.

नवऱ्यालाही कामाला लावा. तो नुसता पीआर असेल, नागरिक नसेल, तर अर्ज चालू असताना नोकरी सोडून त्याला वर्षभर कोथरूडला बोलवा. कॅनडाबाहेर राहणाऱ्या पीआरला स्पॉन्सर करता येत नाही, तेवढ्यात तुमचं सहजीवनही होईल आणि अर्जही जाईल. पुढे अर्ज फेटाळला गेलाच, तर स्पॉन्सरला इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे ३० दिवसांत अपील करता येतं. माहिती दडवल्याच्या ठपक्यावरही जोडीदारांसाठी ही वाट उघडी असते, बऱ्याच नातेवाइकांना तीही नाही. हे ३० दिवस ‘बघू, पितृपक्ष संपू दे’ म्हणत घालवायला अगदी बेताचे आहेत.

शेवटी एजंट. कॅनडातला वकील किंवा तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा परवाना असलेला सल्लागार शोधत बसू नका. यादी ऑनलाइन असते, नाव टाकलं की दिसतं, त्यात काय मजा? स्टेशनजवळच्या दुसऱ्या मजल्यावर जा, जिथे भिंतीवर मेपलचं पान आहे. प्रतिनिधी नेमल्याचा आयएमएम ५४७६ हा फॉर्म तो भरत नाही, कारण कागदोपत्री तो अस्तित्वातच नाही. तुम्ही कोऱ्या फॉर्मवर सह्या द्या, ‘नाही’च्या चौकटी तो अनुभवाने भरतो. खातं तोच उघडतो, पासवर्ड त्याच्याकडे, ई-मेल त्याचा. त्यामुळे ‘तुमच्या २०१७च्या व्हिसा नकाराबद्दल खुलासा करा’ अशी अधिकाऱ्याची नोटीस, उत्तराच्या मुदतीसह, थेट त्याच्या इनबॉक्समध्ये येते. तो सध्या दुसऱ्या मजल्यावरची जागा सोडून कुठेतरी गेलाय. नंबर लागला की सांगतो म्हणाला होता.