सोन्याचे पत्रे, बारा बैल आणि माझा मॉर्मन शेजारी

मॉर्मन म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत निघालेला एक ख्रिस्ती पंथ. त्यातल्या माणसाशी वाद घालायची वेळ आलीच, तर बायकांच्या संख्येपासून सुरुवात करू नका. साताऱ्याहून फोन आला की नातेवाईक पहिलं तेच विचारतात, "तुझ्या शेजाऱ्याला किती बायका रे?" एकच आहे, आणि ती त्याला पुरून उरते. नव्या बहुपत्नी लग्नांविरुद्ध त्यांच्या चर्चनं १८९० साली जाहीरनामा काढला. आज कुणी दुसरी बायको केली तर चर्च त्याला बाहेर काढतं. ज्या प्रश्नाचं उत्तर समोरच्याला शाळेपासून पाठ आहे तो विचारून आपण हुशार ठरत नाही.

मी नास्तिक. कॉलेजात अंनिसच्या शिबिरांना जाणारा, दाभोलकरांना ऐकलेला. नोकरीमुळे अमेरिकेत, युटा राज्यातल्या लीहाय गावी येऊन पडलोय. गावाचं नावच मॉर्मन ग्रंथातलं आहे. ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास जेरुसलेम सोडून समुद्रमार्गे अमेरिकेत पोचलेला इस्रायली प्रेषित म्हणजे हा लीहाय. शेजारी पक्का श्रद्धावान. २०१८ पासून त्यांचं चर्च सांगतंय की आम्हाला 'मॉर्मन' म्हणू नका, चर्चचं पूर्ण नाव घ्या. पूर्ण नाव घेईस्तोवर माझा चहा निवतो, असं म्हटल्यावर त्यानं मला सूट दिली. तो स्वतः चहा पीत नाही. १८३३ च्या आज्ञेनुसार चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं वर्ज्य. त्याऐवजी भलामोठा ग्लास भरून कोल्ड्रिंक पितो, त्यात नारळाचं सिरप आणि वर क्रीम. यावर मी बोलत नाही, ज्याची त्याची साखर.

ऐन तारुण्यात दोन वर्षं तो हैदराबादेत मिशनरी होता. मिशनवरच्या पोराला 'एल्डर' म्हणतात, मिसरूड फुटलं नसलं तरी. म्हणून या पोस्टपुरता तो एल्डर. अजून माझ्याशी मधूनच तेलुगू बोलतो आणि मला ते कळायला हवं अशी त्याची अपेक्षा असते.

आमच्या वादाचा अलिखित नियम असा, की एकमेकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा धरायचा. सोन्याच्या पत्र्यांना हसणं सोपं आहे. जोसेफ स्मिथ, म्हणजे या पंथाचा संस्थापक, न्यूयॉर्क राज्यातल्या शेतकऱ्याचा पोरगा. त्याला देवदूतानं टेकडीत पुरलेले, मजकूर कोरलेले सोन्याचे पत्रे दाखवले, १८२७ साली ते त्याच्या हाती आले, भाषांतर झाल्यावर देवदूत ते परत घेऊन गेला. तेच भाषांतर म्हणजे मॉर्मन ग्रंथ. १८३० साली पालमायराच्या छापखान्यात त्याच्या ५००० प्रती निघाल्या, त्यासाठी मार्टिन हॅरिस या अनुयायानं शेत गहाण टाकलं. भाषांतर करताना जोसेफ टोपीत एक दगड ठेवायचा आणि टोपीत तोंड घालून मजकूर सांगायचा. हे विरोधक म्हणतात म्हणून नाही, चर्चनंच २०१५ मध्ये त्या दगडाचे फोटो छापले.

मी हसलो की एल्डर म्हणतो, "तुला हे विचित्र वाटतं कारण ते दोनशे वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा वर्तमानपत्रं होती, कोर्ट होतं, कर्जाची कागदपत्रं आहेत. तुमच्या संतानं भिंत चालवली तेव्हा वार्ताहर नव्हता." ज्ञानेश्वरांची भिंत त्याला मीच सांगितली होती, इंद्रायणीत तरलेली गाथाही. मुद्दा मला मान्य आहे. जुन्या चमत्कारांना आपण वयाचा मान देतो आणि नव्याकडे पावती मागतो. मी दोन्हींकडे मागतो, त्यामुळे माझी अडचण होत नाही. पण इथल्या भारतीयांच्या पार्टीत मॉर्मनांच्या टोपीवर खदाखदा हसणारे लोक त्याच शनिवारी सत्यनारायण घालतात, तेव्हा मी एल्डरच्या बाजूला जाऊन बसतो.

पत्रे तपासता येत नाहीत, कारण ते नाहीतच. पपायरस, म्हणजे प्राचीन इजिप्तचे लव्हाळ्याच्या कागदावरचे लेख, मात्र आहेत. १८३५ साली ओहायोत जोसेफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका फिरत्या प्रदर्शनवाल्याकडून इजिप्तच्या चार ममी आणि काही पपायरस विकत घेतले. त्यातल्या एका गुंडाळीवर बायबलमधल्या अब्राहमचं लिखाण आहे, असं म्हणून जोसेफनं त्याचं 'भाषांतर' केलं. ते १८४२ साली छापलं गेलं आणि पुढे धर्मग्रंथांत जमा झालं. १८७१ च्या शिकागोच्या आगीत मूळ पपायरस जळाले असंच सगळे धरून चालले होते. मग त्यातले काही तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये सापडले आणि १९६७ मध्ये चर्चकडे परत आले. आता ती लिपी वाचता येते. तुकड्यांवर अब्राहम नाही. होर नावाच्या पुजाऱ्याबरोबर ठेवलेले, मेलेल्याला परलोकात सोबत करणारे मंत्र आहेत, अब्राहमच्या मानलेल्या काळानंतर हजार-दीड हजार वर्षांहून उशिराचे.

एवढा स्वच्छ पुरावा धर्माच्या इतिहासात क्वचितच मिळतो. प्रेषितानं भाषांतर केलं, मूळ हाती लागलं, ताडून पाहिलं, जुळलं नाही. हे एल्डरसमोर ठेवलं तेव्हा मला वाटलं होतं तो विषय बदलेल. तो म्हणाला, "२०१४ मध्ये आमच्या चर्चनं स्वतःच्या वेबसाइटवर हेच लिहिलंय. वाचलंस?" वाचलं. खरोखरच लिहिलंय की तुकड्यांवरचा मजकूर अब्राहमच्या पुस्तकाशी जुळत नाही. मग दोन शक्यता दिल्यात: एक तर मूळ भाग हरवला असेल, किंवा पपायरस हे फक्त निमित्त होतं आणि साक्षात्कार थेट देवाकडून आला. एल्डर दुसऱ्या बाजूचा. मी म्हटलं, असं असेल तर कुठलाही कागद कुठल्याही पुस्तकाचं निमित्त होईल, मग चूक सापडायची कशी? तो बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, "चूक सापडायची सोय माझ्याकडे नाही, हे मान्य." माझ्या कुठल्याही श्रद्धावान मावशी-आत्यानं मला एवढं कधी दिलेलं नाही.

मग त्याची पाळी. त्यांच्या ग्रंथाच्या शेवटी एक आव्हान आहे: पुस्तक वाच, मनापासून देवाला विचार, तो तुला खरं काय ते कळवेल. "तू विज्ञानवादी ना? मग प्रयोग करून बघ." मी म्हटलं, माझी आजी वारकरी होती. पंढरपूरला कळस दिसला की तिच्या डोळ्यांना धार लागायची, आणि विठ्ठल खरा आहे हे तिला तितक्याच खात्रीनं कळायचं जितकं तुला जोसेफ स्मिथ खरा आहे हे कळतं. एकाच उपकरणानं दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरं येत असतील तर मी उपकरणावर शंका घेतो. त्यावर त्यानं विचारलं, "तुझ्या आजीशी देव बोलत नव्हता असं मी कधी म्हटलं?" त्यांच्या चर्चचं १९७८ चं एक निवेदन आहे, त्यात महंमद, कन्फ्यूशियस, सॉक्रेटिस यांनाही देवाच्या प्रकाशाचा अंश मिळाला असं म्हटलंय.

छान. पण अंशच. पूर्ण उद्धारासाठी आजीला बाप्तिस्मा लागणारच. आणि इथं आमचा आवाज चढला, कारण मॉर्मन लोक मेलेल्यांनाही बाप्तिस्मा देतात. टेंपलमध्ये, म्हणजे खास विधींच्या त्यांच्या मंदिरात, बारा बैलांच्या मूर्तींच्या पाठीवर मोठं कुंड असतं, त्यात जिवंत माणूस मृताच्या नावानं बुडी मारतो. याचसाठी त्यांना वंशावळींचं एवढं वेड. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची मायक्रोफिल्म यांच्या संस्थेनं केली, आणि सॉल्ट लेकजवळ ग्रॅनाइटच्या डोंगरात खोदलेल्या तिजोरीत जगभरातल्या अशा फिल्मांचा साठा आहे. छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंची नावं या बाप्तिस्म्यात सापडली तेव्हा मोठा गहजब झाला, १९९५ मध्ये ज्यू संघटनांशी करार करावा लागला. २०१२ मध्ये तर गांधीजींचंही नाव निघाल्याची बातमी होती.

"माझ्या आजीला हात लावायचा नाही," मी म्हटलं. गंमत बघा, आजी कुठंच नाही असं मानणारा मी, आणि तरी चिडलो. एल्डर शांतपणे म्हणाला, नियम स्वतःच्याच पूर्वजांची नावं देण्याचा आहे, आणि बाप्तिस्मा हा फक्त देकार असतो, पलीकडे ती नाही म्हणू शकते. वर हैदराबादेत शिकलेलं ज्ञान पाजळलं: "तुम्ही पण गयेला जाऊन मेलेल्यांना न विचारता पिंड देताच की." देतात. पण पिंड दिल्यानं आजी कुणा दुसऱ्याच्या धर्मात जात नाही. सत्तर वर्षं एकादशी करणाऱ्या बाईच्या नावापुढे परक्यांच्या वहीत एक टिकमार्क येणं हा अपमान आहे, मग ती नाही म्हणायला मोकळी असो वा नसो. एल्डरला हे पटलेलं नाही. त्याच्या लेखी ते दारात ठेवलेलं ताट आहे, घ्यायचं तर घ्यावं.

ताटावरून आठवलं. बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याच्या वॉर्डातून रोज कुणीतरी जेवण आणून देत होतं, वॉर्ड म्हणजे त्यांची मोहल्ल्यापुरती मंडळी. बर्फ पडला की आमच्या दारासमोरचा रस्ता मी उठायच्या आत साफ. महिन्यातल्या एका रविवारी ही माणसं दोन वेळचं जेवण सोडतात आणि वाचलेले पैसे गरजूंना देतात, शिवाय उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला. एल्डर विचारतो, "तुमच्या नास्तिकांचा वॉर्ड कुठाय?" मी गणेशमंडळ म्हणणार होतो, पण तिथंही मधोमध गणपतीच बसलेला. अंनिसनं बुवा पकडले, कायदा आणवला, त्यापायी दाभोलकर जिवानिशी गेले. पण बाळंतिणीला डबा पोचवणारी यंत्रणा आम्ही उभी केली नाही, आणि हे मला आमच्या चळवळीचं मोठं अपयश वाटतं.

एल्डर मात्र यातून 'म्हणून धर्म खरा' असं सुचवतो तेव्हा मी अडवतो. चांगला डबा आला म्हणून पपायरसवरचा मजकूर बदलत नाही. आणि या उबेची किंमत सोडून जाणाऱ्याला कळते. त्याच्याच धाकट्या भावानं चर्च सोडलंय. आई-वडील अजून प्रेम करतात, पण बहिणीचं लग्न टेंपलमध्ये झालं तेव्हा तो बाहेर बागेत उभा होता, कारण आत जायला चर्चची चिठ्ठी लागते. या एका विषयावर एल्डर माझ्याशी भांडत नाही.

सध्या आम्ही साक्षीदारांवर अडकलोय. पत्रे पाहिल्याची लेखी साक्ष जोसेफखेरीज अकरा जणांनी दिली. त्यातल्या प्रमुख तिघांचं (शेत गहाण टाकणारा हॅरिस त्यातलाच) पुढे जोसेफशी बिनसलं, ते चर्चबाहेर गेले. दोघं परत आले, डेव्हिड व्हिटमर कधीच आला नाही. तरी तिघांपैकी एकानंही साक्ष मागे घेतली नाही. एल्डरचा हा हुकमी एक्का आहे, आणि तो चांगला आहे. मी त्याला २१ सप्टेंबर १९९५ सांगितला: गणपती दूध प्यायला त्या दिवशी अकरा नव्हे, लाखो साक्षीदार होते, त्यात माझे गणिताचे मास्तरही. तो म्हणाला, "त्यांच्यापैकी कुणी त्यासाठी आयुष्य उधळलं का? शेत गहाण टाकलं?" नाही टाकलं. पण शेत गहाण टाकण्यानं हॅरिस खोटारडा नव्हता एवढंच कळतं, टेकडीत काय होतं ते नाही. शिवाय ती साक्ष प्रत्येकानं आपापली लिहिलेली नाही, आधी तयार केलेल्या मजकुराखाली त्यांची नावं आहेत. हे मी त्याला काल सांगितलंय, तो वाचून येतो म्हणालाय.

कमेंटमध्ये "चार बायका" लिहिणाऱ्याला ब्लॉक करणार आहे.