कार्टर ब्राउन अमेरिकन? कोणी सांगितलं?

जुन्या इंग्लिश पॉकेटबुकांचा विषय निघाला की एक मेसेज हमखास फिरतो, की कार्टर ब्राउन अमेरिकन लेखक, ऑस्ट्रेलियावाल्यांनी अमेरिकन माल फक्त स्वस्तात छापला, त्यांचं स्वतःचं डिटेक्टिव्ह पल्प, म्हणजे स्वस्त कागदावरच्या सनसनाटी गोष्टी, असं काही नव्हतंच, आणि सगळा पुरुषांनी पुरुषांसाठी चालवलेला धंदा. वाचून डोकं फिरतं राव.

पहिलं म्हणजे माणूसच चुकलाय. कार्टर ब्राउन हे टोपणनाव, खरा माणूस ॲलन येट्स, जन्म १९२३ चा, लंडनचा, नेव्हीत होता, १९४८ ला ऑस्ट्रेलियात आला, क्वांटास या विमान कंपनीच्या पब्लिसिटीत नोकरी केली आणि १९५३ पासून फुलटाइम लिहायला लागला, सिडनीच्या हॉरविट्झ प्रकाशनासाठी. करारात म्हणे महिन्याला दोन छोट्या कादंबऱ्या आणि एक मोठी. इतक्या स्पीडने कोण काय पॉलिश करणार, त्यामुळे प्लॉट कुठेकुठे ढिले आहेत, ते मान्य.

आता 'अमेरिकन माल छापला' याबद्दल. उलटंय हो. महायुद्धात डॉलर वाचवायचे म्हणून १९४० च्या सुमाराला ऑस्ट्रेलियन सरकारने अमेरिकन मासिकं आणि स्वस्त पुस्तकं यांच्या आयातीवर निर्बंध घातले आणि युद्ध संपल्यावरही ते पन्नासच्या दशकाच्या शेवटापर्यंत रेंगाळले, म्हणजे वाचकाला चटक लागलेली आणि दुकानात माल नाही, मग हॉरविट्झ, क्लीव्हलँड वगैरे मंडळींनी तिथलेच लेखक धरून लिहून घेतलं. लायसन्सवर छापलेलंही होतं थोडंफार, पण क्लीव्हलँडची लॅरी केंट ही डिटेक्टिव्ह मालिका बघा ना, ती लिहायचे डॉन हेरिंग आणि डेस डन, दोघंही ऑस्ट्रेलियात बसून. आणि १९५८ पासून कार्टर ब्राउन सिग्नेट या अमेरिकन प्रकाशनाने थेट अमेरिकेत छापला, म्हणजे माल गेला कुठून कुठे?

हां, गोष्टी अमेरिकेत घडतात, सिडनी त्यात शोधून सापडत नाही, हा आक्षेप मात्र खरा. कार्टर ब्राउनचा पोलीस हिरो अल व्हीलर नोकरी करतो कॅलिफोर्नियातल्या पाइन सिटीत, जे गाव नकाशावर नाहीच. त्याच्याकडे ऑस्टिन-हीली गाडी, घरात हाय-फाय, आणि साहेब शेरीफ लॅव्हर्स कायम वैतागलेला. सगळी अमेरिका टाइपरायटरवर उभी केलेली, पण इंग्लंडात बसून जेम्स हॅडली चेसनेही तेच केलं की, आपल्या स्टेशनवरच्या स्टॉलवर दोघं शेजारी शेजारी असायचे आणि तेव्हा कुणी पासपोर्ट विचारला नाही.

राहता राहिलं 'पुरुषांचा धंदा'. कव्हरं बघून कुणालाही तसं वाटेल, त्यात वाद नाही. पण येट्सचीच मेव्हिस साइडलिट्झ ही बाई डिटेक्टिव्ह, आणि स्वतःची गोष्ट स्वतःच सांगते. आणि हॉरविट्झची लेखिका के. टी. मॅकॉल ही एक बाई नव्हतीच, त्या नावामागे दोघी होत्या, ऑड्री आर्मिटेज आणि म्युरियल वॉटकिन्स.