परदेशी विद्यापीठाच्या शाखेत अभ्यासक्रम कोण ठरवते?

नवी मुंबईत येऊ घातलेल्या परदेशी विद्यापीठांच्या शाखांत अभ्यासक्रम व परीक्षा मुंबई विद्यापीठच ठरवणार, असा संदेश सध्या रत्नागिरी-चिपळूणच्या बारावीच्या पालकांत फिरत आहे. तो चुकीचा आहे; हे ठरवते ते मूळ परदेशी विद्यापीठ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीनुसार पदवी मूळ विद्यापीठाच्याच नावाने मिळते, शिक्षणाचा दर्जा मूळ संकुलाइतका ठेवणे बंधनकारक असते आणि प्राध्यापक कोण नेमायचे, हेही ते विद्यापीठ आपल्या निकषांवर ठरवते.

मात्र सारे काही परदेशातूनच हलते, असेही नाही. बंदर-अभियांत्रिकी शिकवणाऱ्या प्राध्यापकाने उदाहरण म्हणून जयगड बंदर घेतले, तर त्याला सहसा कोणाची परवानगी लागत नाही. पण प्रकल्पाचे गुण वीसवरून चाळीस करायचे, तर बहुधा मूळ विद्यापीठाच्या विद्वत्सभेपर्यंत, म्हणजे शैक्षणिक निर्णय घेणाऱ्या मंडळापर्यंत, जावे लागते. ऑनलाइन तासांना दहा टक्क्यांची मर्यादा आहे आणि बाहेरून आलेल्या प्राध्यापकाने निदान एक सत्र येथेच राहावे, असे नियम सांगतो. तेव्हा प्रवेश घेताना शुल्काइतकीच या अधिकारांचीही चौकशी लेखी करावी.