शुभेच्छुकांच्या गर्दीत हरवलेला एस. व्ही. रोड

मुंबईत वांद्र्याहून दहिसरच्या दिशेने जाणाऱ्या एस. व्ही. म्हणजे स्वामी विवेकानंद रोडवर रोज बसमध्ये अडकून पडणाऱ्या माणसाला खिडकीतून काय दिसते, याची यादी फार छोटी आहे. खणलेला पदपथ, त्या खड्ड्याभोवतीचे हिरवे-पांढरे पत्रे आणि पत्र्यांच्या वर टांगलेले फ्लेक्स. मधोमध हात जोडलेला एक भलामोठा चेहरा, त्यावर ‘कार्यसम्राट’ किंवा ‘भावी नगरसेवक’ अशी पदवी, आणि खाली टिकलीएवढ्या गोलांत कोंबलेले वीस-पंचवीस शुभेच्छुक. या गृहस्थांचे वाढदिवस मला आता नात्यातल्या माणसांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के पाठ झाले आहेत. मात्र आपण ज्या रस्त्यावरून चाललो आहोत तो कधीचा, त्याच्या कडेला कोण राहून गेले, काय घडून गेले, हे सांगणारा वीतभर फलक मला या रस्त्यावर आजवर दिसलेला नाही. आणि याचा मला मनस्वी संताप येतो.

जुनी माणसे या रस्त्याला अजूनही घोडबंदर रोड म्हणतात, कारण तो ज्या घोडबंदरच्या खाडीकडे जात असे तिथे पोर्तुगिजांच्या काळात अरबांकडून आणलेले घोडे उतरत. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये तेव्हा पाणी होते आणि माणसे होडीने ये-जा करत. कंपनी सरकारने खर्चाला नकार दिल्यावर लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी १,५७,००० रुपये दिले, या पुलावरून जाणाऱ्यांकडून टोल घेऊ नये अशी अट घातली आणि १८४५ साली माहीमचा कॉजवे खुला झाला. स्वतःचे पैसे घालून लोकांना फुकट जाऊ द्या म्हणणारी बाई! आज शौचालयाला रंग दिला तरी ‘यांच्या विशेष प्रयत्नांतून’ अशी पाटी लागते. अवाबाईंच्या वाट्याला माहीमच्या ‘लेडी जमशेटजी’ रस्त्याचे नाव आले, तेही लोकांनी ‘एल. जे.’ करून टाकले.

कॉजवे ओलांडला की वांद्र्याचा तलाव लागतो. नवपाड्याच्या एका धनिक कोकणी मुसलमानाने तो बांधवून घेतला होता, आणि शहराच्या वारसा यादीत त्याची नोंदही आहे. ती नोंद कागदावर सुखाने नांदते आहे. तलावाच्या कठड्याशी थांबलेल्या माणसाला तिचा पत्ता लागायचे कारण नाही.

परंतु माझा खरा राग मालाडपाशी उफाळतो. १९३४ साली हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी इथे बॉम्बे टॉकीज या चित्रपटसंस्थेची स्थापना केली. जर्मन दिग्दर्शक आणि तंत्रज्ञ इथे येऊन काम करत होते, अशोककुमार आधी प्रयोगशाळेत होते आणि तिथून कॅमेऱ्यासमोर आले, दिलीपकुमार यांना देविकाराणींनी इथेच नोकरीवर घेतले. आज त्या जागेला ‘बॉम्बे टॉकीज कंपाउंड’ म्हणतात, आणि तिथे गेल्यावर काय मिळते? लेथचा आवाज, वेल्डिंगच्या ठिणग्या, प्लायवूडचे ढीग आणि बोळाबोळांतून कोंबलेले गाळे. गाळेवाल्यांवर माझा अजिबात राग नाही. ते पोट भरत आहेत आणि जागेचे नाव निदान पावतीपुस्तकावर तरी त्यांनीच जिवंत ठेवले आहे. राग आहे तो त्या मंडळींवर, जी दरवर्षी दादासाहेब फाळक्यांच्या तसबिरीला हार घालून मराठी मातीतल्या चित्रपटसृष्टीचा अभिमान व्यक्त करतात आणि ज्यांच्या गाड्यांचा ताफा या कंपाउंडच्या तोंडावरून काचा वर करून निघून जातो.

मालाडच्या अलीकडे गोरेगावला काय झाले तेही सर्वांच्या डोळ्यांदेखत झाले. १९४३ साली बॉम्बे टॉकीजमधून फुटून शशधर मुखर्जी, रायबहादूर चुनीलाल, अशोककुमार आणि ग्यान मुखर्जी यांनी याच रस्त्यालगत फिल्मिस्तान स्टुडिओ उभा केला. २०२५ मध्ये तो १८३ कोटींना विकला गेला आणि जागेवर उंच इमारती उठणार हे जाहीर झाले. खासगी मालमत्ता आहे, मालकाने विकली, कायद्याने त्यात काही चूक नसेल. पण ऐंशी वर्षे उभ्या असलेल्या स्टुडिओच्या वास्तूंची रीतसर छायाचित्रे काढून ठेवावीत, नकाशा जपावा, नव्या इमारतीच्या फाटकावर दोन ओळींची पाटी बंधनकारक करावी, एवढे म्हणायलाही कुणी लोकप्रतिनिधी पुढे आल्याचे माझ्या कानावर आले नाही. त्या आठवड्यातही वाढदिवस होतेच.

हा रस्ता कोरडा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी जरा आजूबाजूला पाहावे. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात जमनालाल बजाज आणि किशोरलाल मशरूवाला यांची छावणी विलेपार्ल्यात होती. अंधेरीत रस्त्यापासून रिक्षाच्या अंतरावर गिल्बर्ट हिल आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा सरळ उभा, सुमारे ६१ मीटर उंचीचा सुळका, ज्याला इमारतींनी असा वेढा घातला आहे की पायथ्याशी पोहोचेपर्यंत तो धड नजरेला पडत नाही. ज्या पिवळसर मालाड दगडाने दक्षिण मुंबईतल्या वस्तुसंग्रहालयाच्या भिंती उठून दिसतात, तो दगड मालाडचाच. दक्षिण मुंबईतले पर्यटक त्याचे फोटो काढतात आणि मालाडच्या मुलाला शाळेतही कुणी हे सांगत नाही.

‘निधी नाही’ हे उत्तर तर मी ऐकूनच घेणार नाही. निधी नाही म्हणता, मग विजेच्या खांबांना गुंडाळलेल्या निळ्या-गुलाबी दिव्यांच्या माळा कुठून आल्या? नाक्यानाक्यावर ‘आय लव्ह’ असे लिहून मध्ये लाल बदाम आणि पुढे उपनगराचे नाव, ही फायबरची अक्षरे कुठून आली? त्यांच्यातला अर्धा बदाम पहिल्याच पावसाळ्यात विझतो आणि पुढच्या वर्षी दुरुस्तीचे वेगळे कंत्राट निघते. ज्या गावावर प्रेम करायला सांगता, त्या गावाबद्दल एक वाक्य सांगायची तुमची तयारी नाही.

मागणी काही संग्रहालयाची नाही. कॉजवेच्या वांद्रे टोकाला, तलावापाशी, गिल्बर्ट हिलच्या वाटेला, बॉम्बे टॉकीज कंपाउंडच्या तोंडाशी आणि फिल्मिस्तानच्या जागेवर, शुद्ध मराठीत दोन-तीन ओळी आणि साल असलेली दगडी किंवा धातूची पाटी लावा, आणि फिल्मिस्तानची तर पाडकाम सुरू व्हायच्या आत लावा. अनावरणाला हवे त्याला बोलवा, ढोल-ताशे वाजवा, कोपऱ्यात स्वतःचा फोटोही छापून घ्या. फक्त साल आधी कुणाकडून तरी तपासून घ्या.