पाटी कुठे लावणार?

हे लिहू का नको असं आठवडाभर चाललं होतं, कारण ज्यांनी पैसे दिले त्यांच्याच नावाने बोटं मोडायची म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागण्यातला प्रकार. पण काल रात्री शाळेचे हिशोब घेऊन बसले आणि मग राहवलं नाही. लांबण लागणार आहे, आधीच सांगून ठेवते.

तर माझ्या बहिणीचा मुलगा ऑटिस्टिक आहे. (स्वमग्न हा शब्द मला कधी पटला नाही, आमचा पठ्ठ्या स्वतःत मग्न वगैरे अजिबात नसतो, खोलीत कुणाच्या चपला जागच्या हलल्या ते सगळ्यात आधी त्यालाच कळतं.) तो ज्या शाळेत जातो ती पालकांनी मिळून काढलेली छोटी शाळा आहे, देणग्यांवर चालते. मी पोटापाण्यासाठी लोकांचे हिशोब लिहिणारी बाई, त्यामुळे ताईने मला त्यात ओढलं आणि आता गेली काही वर्षं शाळेची वही पण माझ्याकडे आणि देणग्यांसाठी फोन फिरवणं पण माझ्याकडे.

आमच्या शाळेत एक खोली आहे. तिला सेन्सरी रूम म्हणतात, म्हणजे स्पर्श, हालचाल, उजेड यांतून मुलांना शांत करायची खोली. छताला टांगलेला झोपाळा, जड पांघरुणं, रंग बदलणारे दिवे, पाण्याचे बुडबुडे वर चढत राहतात अशी उभी नळी, सगळं एकदम झकास. एका मोठ्या देणगीदाराने करून दिली. उद्घाटनाला फोटोग्राफर, थर्माकोलचा भलामोठा चेक, टाळ्या, आणि तो चेक धरायला आमच्यातली दोन मुलं पुढे उभी केलेली. फ्लॅश पडायला लागले तसे एकाने दोन्ही कान गच्च दाबून डोळे मिटून घेतले आणि कुणीतरी मागून म्हणत होतं, बाळा, हात खाली घे ना, स्माइल कर ना एकदा. बाळ बारा वर्षांचं होतं.

ती खोली सध्या कुलूपबंद आहे आणि किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. कारण त्या झोपाळ्यावर कुठल्या मुलाला किती वेळ बसवायचं, कुणाला झोका शांत करतो आणि कुणाला उलट अजून पेटवतो, हे कळणारा माणूस लागतो, ऑक्युपेशनल थेरपिस्ट लागतो, आणि त्याचा पगार द्यायला आमच्याकडे पैसे नाहीयेत. म्हणजे बँकेत आहेत हां! पण ते 'साहित्य खरेदीसाठी' म्हणून आलेले आहेत. ज्यांनी कधी संस्थेची वही लिहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, एखाद्या कामासाठी म्हणून दिलेला पैसा दुसऱ्या कामाला वापरायचा नसतो, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर कोण विश्वास ठेवेल. पण त्यामुळे होतं काय की खात्यावर आकडा बरा दिसतो आणि महिनाअखेरीला पगारासाठी मी पाच जणांना फोन करत असते. अजून एक झोपाळा घ्यायचा म्हटलं तर आत्ता घेऊ शकते. दोन घेऊ शकते.

आणि अशा शाळेचा खर्च म्हणजे असतो काय? निम्म्याहून बराच जास्त पगार. साहित्य म्हणाल तर वेल्क्रो, लॅमिनेशन, टोपल्या आणि चित्रांची कार्डं, संपलं. बाकी सगळी माणसं. एकेका मुलामागे एक माणूस, कधीकधी दोन.

दोन कशाला, असं एका देणगीदाराने मला विचारलं होतं, आणि त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, बाहेरून तसंच वाटतं. तर ऐका. जी मुलं बोलत नाहीत त्यांना मागायला शिकवायची एक पद्धत आहे, पेक्स म्हणतात, अमेरिकेत 1985 च्या सुमारास अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट या दोघांनी तयार केली. आमच्या पठ्ठ्याला साबणाचे फुगे जीव की प्राण. तर समोर एक बाई फुग्यांची बाटली घेऊन बसणार, मध्ये फुग्याच्या चित्राचं कार्ड, आणि दुसऱ्या बाई त्याच्या पाठीमागे. समोरच्या बाईंनी 'काय पाहिजे तुला?' असं विचारायचं नाही, अजिबात नाही, कारण मग तो विचारल्याशिवाय मागायचंच नाही असं शिकतो. तो बाटलीकडे हात नेतो, त्या क्षणी मागच्या बाई एक शब्द न बोलता त्याचा हात कार्डावर नेतात, कार्ड उचलायला लावतात, समोरच्या हातात ठेवायला लावतात, आणि कार्ड हातात पडल्या पडल्या फुगे. मग मागचा हात रोज थोडा थोडा ढिला करत जायचा. आधी मनगट, मग कोपर, मग नुसती खांद्याला टिचकी, मग तीही नाही. हे सगळं एक माणूस करू शकत नाही, समोर असणारा मागे कसा असेल.

ज्या दिवशी त्याने पहिल्यांदा आपणहून कार्ड टरकन सोडवून बाईंच्या हातात कोंबलं त्या दिवशी ताईने मला ऑफिसात फोन केला आणि नुसती रडत होती, मला वाटलं काहीतरी झालं. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याने कुणाकडे तरी काहीतरी मागितलं होतं. ओरडून नाही, स्वतःचा हात चावून नाही, मागितलं.

त्या बाई सात महिन्यांनी सोडून गेल्या. त्यांना दोष देत नाही, घर त्यांच्यावर होतं, दुसरीकडे बरा पगार मिळाला आणि मीच त्यांचा शेवटचा हिशोब केला. दुसऱ्या दिवशी आमचा पठ्ठ्या कार्ड घेऊन गेला आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं. थांबला. उचललं, परत ठेवलं. नवीन बाई शेजारीच हात पुढे करून बसल्या होत्या, त्यांना नाही दिलं. त्याच्या लेखी कार्ड 'माणसाला' द्यायचं नव्हतं, त्या बाईंना, त्या खुर्चीत, त्या खोलीत द्यायचं होतं. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांचं असं असतं, एका जागी एका माणसाबरोबर शिकलेली गोष्ट दुसरीकडे आपोआप जात नाही, ती प्रत्येक ठिकाणी नव्याने शिकवावी लागते. त्यामुळे शिक्षिका गेली की मुलाचं जे जातं ते कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही. मी वही लिहिते, मला माहितीये.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. लोक फोटोत बसेल त्याला पैसे देतात. शाळा ज्यावर चालते ते फोटोत बसत नाही.

आता थोडं जुनं. लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 साली 11 मुलांवर जो पेपर लिहिला आणि ज्यातून ऑटिझम हे निदान पुढे आलं, त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट, मिसिसिपीचा. घर पैसेवाल्यांचं, घरची बँक. त्याला नऊ वर्षांचा असताना एका शेतकरी जोडप्याकडे राहायला ठेवलं होतं. कॅनर 1945 मध्ये तिथे जाऊन बघून आले. पोराला मोजायचं वेड, तर त्या लोकांनी त्याला विहीर खणायला लावली आणि खोली किती झाली ते सांगत जा म्हटलं. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करायचा, तर त्याला एक जागा दिली, इथे तुझी स्मशानभूमी कर आणि प्रत्येकावर नावाची पाटी लाव. मक्याच्या ओळी सारख्या मोजत बसायचा, तर नांगर हातात दिला, नांगरता नांगरता मोज. पुढे तो शिकला, कॉलेज केलं, बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, 2023 मध्ये वारला. त्याच 11 मधली जी मुलं मोठमोठ्या सरकारी इस्पितळांत टाकली गेली ती तिथे विझत गेली, असं कॅनरनीच 1971 मध्ये परत शोध घेऊन लिहून ठेवलंय. त्या शेतकरी जोडप्याकडे सेन्सरी रूम नव्हती. मुलाकडे नीट बघणारी दोन माणसं होती, आणि ती रोज तीच होती. (आणि बापाकडे पैसा होता, हेही विसरायला नको.)

लंडनमध्ये सिबिल एल्गर नावाच्या बाईंनी तर घराच्या तळघरात अशा मुलांना शिकवायला सुरुवात केली, त्यातूनच ऑटिस्टिक मुलांच्या पालकांच्या संस्थेने 1965 मध्ये तिथेच ईलिंग भागात शाळा काढली. पण गंमत बघा, याच संस्थेने 1963 मध्ये चिन्ह काय निवडलं, तर कोड्याचा तुकडा आणि त्यात रडणारं मूल. पालकांनीच बरं का, कुणी परक्याने नाही. आज कितीतरी ऑटिस्टिक माणसांना तो तुकडा डोळ्यासमोर नको असतो, आम्ही काय अर्धवट तुकडे आहोत का म्हणतात.

रडकं चित्र काढून पैसे मागायची सवय लई जुनी. 2007 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका विद्यापीठाच्या केंद्राने जाहिराती लावल्या, खंडणीच्या चिठ्ठीसारख्या, तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे, खाली सही ऑटिझम! ऑटिस्टिक लोकांनीच मोहीम उभी केली, पत्रांचा आणि मेल्सचा पाऊस पडला आणि त्याच महिन्यात जाहिराती काढाव्या लागल्या. त्याच्याही आधी 1990 आणि 1992 ला ब्रिटनमध्ये अपंग लोक टीव्हीवरच्या मदतनिधी कार्यक्रमाविरुद्ध स्टुडिओबाहेर रस्त्यावर उतरले होते. त्यांच्या टीशर्टवर जे लिहिलं होतं त्याचं सभ्य भाषांतर 'तुमच्या दयेवर थुंकतो' असं होईल, मूळ शब्द त्याहून ओला आहे. ज्यांच्यासाठी पैसे गोळा होत होते तेच म्हणत होते की असे नकोत.

हे सगळं मी आत्ता मोठ्या तोंडाने लिहितीये पण मी स्वतः काय केलंय ते पण सांगते. दोन वर्षांपूर्वी पगार थकायची वेळ आली तेव्हा आमच्या पठ्ठ्याचा एक फोटो मी क्राउडफंडिंगच्या पानावर टाकला. जमिनीवर पडून रडतानाचा. ताईला विचारलं नाही, म्हटलं घरचंच आहे. त्या एका फोटोवर जेवढे पैसे आले तेवढे माझ्या आधीच्या सहा महिन्यांच्या नीटनेटक्या, आकडेवारीवाल्या पोस्टींवर मिळून आले नव्हते. यात नवल नाही, पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सोबतच्यांनी प्रयोग करून दाखवलंय, लाखोंच्या आकड्यापेक्षा एका मुलीचा चेहरा आणि नाव दाखवलं की लोक जास्त देतात, आणि चेहऱ्याबरोबर आकडे पण दिले तर उलट कमी देतात. म्हणजे माझी आकडेवारी नुसती निरुपयोगी नव्हती, नडत होती.

ताईने तो फोटो चार दिवसांनी पाहिला. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तू ऑफिसात बाथरूममध्ये जाऊन रडतेस तेव्हा तुझा फोटो काढला तर?" मी काढून टाकला, पण तोवर तो शेअर होऊन कुठेकुठे गेला होता. एकाने मला तोच फोटो फॉरवर्ड केला, बघा किती वाईट वाटतं म्हणून. पगार मात्र झाले त्या महिन्यात. काय करायचं याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण आता त्याचा चेहरा मी टाकत नाही, हात टाकते, कार्ड टाकते, आणि पैसे कमी येतात.

दुसरी एक गोष्ट जी डोक्यात जाते ती म्हणजे 'आमच्यातले किती टक्के प्रत्यक्ष मुलांपर्यंत पोचतात?' अहो, बाईंचा पगार म्हणजे प्रत्यक्ष मुलांपर्यंतच पोचणं! झोपाळा पोचत नाही, तो टांगलेला असतो. पगाराला 'अॅडमिन खर्च' समजून नाक मुरडणारी माणसं स्वतःच्या ऑफिसात पगार एक दिवस उशिरा झाला तर एचआरला तीन मेल टाकतात. 2013 मध्ये अमेरिकेत धर्मादाय संस्थांना जोखणाऱ्या तीन मोठ्या संस्थांनीच, गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स, देणगीदारांना खुलं पत्र लिहिलं होतं की नुसत्या वरखर्चाच्या टक्केवारीवरून संस्था चांगली का वाईट ते ठरवू नका. म्हणजे जे टक्के मोजायचे त्यांनीच हात जोडले. आपल्यापर्यंत ते पत्र यायचं असावं अजून.

कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच की हे सरकारचं काम आहे. आहेच. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात एरिक शॉप्लर या मानसशास्त्रज्ञाने आणि पालकांनी मिळून 1972 मध्ये राज्याच्या पैशातून ऑटिस्टिक मुलांसाठी टीच हा कार्यक्रम उभा करून घेतला, अख्ख्या राज्यासाठी. पालक तिथे भीक मागत नव्हते, कायदेमंडळात जाऊन मागणी करत होते. मी दोन्ही करायला तयार आहे. पण मागणी मंजूर होईस्तोवर सोमवारी सकाळी साडेनऊला कार्ड घ्यायला समोर कुणीतरी बसलेलं लागतं ना.

त्यामुळे मी आता सगळ्यांकडे एकच मागते, दर महिन्याला, थोडे, आणि कशासाठी ते न लिहिता. एकदाच खूप नको. 2 एप्रिलला ऑटिझम दिन असतो, त्या आठवड्यात निळे टीशर्ट आणि निळे दिवे आणि आमचे फोन वाजायचे थांबत नाहीत, आणि जूनमध्ये मीच फोन करते तेव्हा 'मीटिंगमध्ये आहे'. दर महिन्याला ठरलेलं काही आलं तर मी बाईंना निदान वर्षभराचं पत्र देऊ शकते, की तुमची नोकरी आहे, दुसरीकडे बघू नका.

गेल्या आठवड्यात एका गृहस्थांचा फोन आला. चांगले आहेत, मनापासून द्यायचंय, वडिलांच्या नावाने. मी वरचं सगळं सांगितलं, फुगे, कार्ड, खुर्ची. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये एकदा त्यांचा आवाजही भरून आला. मग म्हणाले, "ते सगळं ठीक आहे मॅडम, पण पगाराला दिले तर बाबांच्या नावाची पाटी कुठे लावणार?"

बाईंच्या पाठीला चिकटवू का, असं अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं, साहेब, त्यांच्या नावाने एका बाईंचं पद करू, पत्रात तसं लिहू, दरवर्षी त्या बाई स्वतः तुम्हाला मुलाबद्दल दोन पानं लिहून पाठवतील, नाव न घालता. ते म्हणाले विचार करून सांगतो.

त्याला सहा दिवस झाले. आज 28 तारीख, पगारपत्रक उघडून बसलीये, दोन नावांपुढचा रकाना रिकामा आहे. उद्या अकराच्या सुमारास परत फोन लावते त्यांना, सकाळी सकाळी लोक वैतागतात.